‘वाट दाखविणे’ : इंग्रजीतील काही समीपार्थी क्रियापदांचा मावळ परिसराच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी येथे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे जाणारा फाटा फुटतो. तेथे उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास कोणी विचारले, ‘मामा, गुंजवण्याला कसं जायचं?’ तर उत्तर दोन प्रकारे मिळू शकते. ‘ह्यो रस्ता धरा, साखर लागंल, तसंच म्होरं जावा,’ असे म्हणून तो हात उंचावून जागीच उभा राहतो. किंवा ‘चला, मी बी तिकडंच निघालोय, दावतो,’ असे म्हणून चालू लागतो. घरी परतल्यावर प्रवासी दोन्ही प्रसंगांचे वर्णन एकाच वाक्यात करतो : ‘एका आजोबांनी वाट दाखविली.’ मराठी श्रोत्यास यात काही उणे वाटत नाही. आजोबा जागीच राहिले की सोबत आले, हे जाणून घ्यावयाचे असल्यास तो पुढे विचारतो. एरव्ही विचारीत नाही.

हेच वाक्य इंग्रजीत न्यावयाचे झाल्यास मात्र निवड करावी लागते. ‘शो’, ‘डायरेक्ट’, ‘लीड’, ‘गाइड’, ‘एस्कॉर्ट’, ‘कंडक्ट’, ‘अशर’, ‘स्टिअर’ ही क्रियापदे शालेय शब्दकोशांत ‘मार्ग दाखविणे’, ‘नेणे’ किंवा ‘मार्गदर्शन करणे’ अशा दोनतीन अर्थांत वाटून दिलेली असतात. त्यामुळे विद्यार्थ्याची समजूत अशी होते की, ही एकाच वस्तूची अनेक नावे असून त्यांतील कोणतेही घेतले तरी चालते. ही समजूत बरोबर नाही. वाट दाखविणारा स्वतः चालला काय, पुढे चालला काय, वाटेचे ज्ञान कोणाकडे होते आणि अधिकार कोणाकडे होता, या प्रश्नांची उत्तरे इंग्रजी क्रियापदाच्या पोटातच असतात. मराठी क्रियापद हे प्रश्न बहुधा मोकळे सोडते, आणि त्याऐवजी एका निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. तो प्रश्न कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतील वाटांच्या आधारे केला आहे. (वेल्हे तालुक्याचे नामकरण ‘राजगड’ असे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. येथे परिचयाचे म्हणून जुने नाव वापरले आहे.)

पोचण्याची हमी

सर्वांत सैल क्रियापद ‘शो’ हे होय. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पाहणे’ असा होता. पुढे तो ‘पाहावयास लावणे’ असा पालटला. म्हणजे मराठी ‘दाखविणे’ या प्रयोजक रूपाचेच काम ते करते. बोटाने, नकाशावर, तोंडी किंवा सोबत जाऊन, कशाही रीतीने वाट दाखविली तरी ‘शो’ चालते. मावळी बोलीतील ‘दावणे’ आणि हे क्रियापद जवळजवळ समव्याप्त आहेत. शंका असेल तेथे विद्यार्थ्याने ‘शो’ वापरावे, तो फारसा चुकणार नाही.

‘डायरेक्ट’ची गोष्ट वेगळी. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सरळ करणे, नियमन करणे’ या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतातील ‘ऋजु’ आणि ‘राजन्’ हे शब्द त्याच आदिम कुळातले मानले जातात. ‘डायरेक्ट’ करणारा मनुष्य जागचा हलत नाही. तो शब्द देतो, दिशा देतो आणि मागे राहतो. मार्गासनीच्या फाट्यावर हात उंचावून उभा राहिलेला शेतकरी ‘डायरेक्ट’ करतो. चालू लागलेला शेतकरी करीत नाही.

यातून एक महत्त्वाची कसोटी हाती येते. वाक्याच्या शेवटी ‘पण ते पोचले नाहीत’ ही शेपटी जोडून पाहावी. ‘गावकऱ्याने त्यांना चोर दरवाजाची वाट दाखविली, पण ते पोचले नाहीत’ हे मराठी वाक्य सहज पटते. इंग्रजीत ‘शो द वे’ आणि ‘डायरेक्ट’ यांच्यामागे ही शेपटी तितक्याच सहजतेने बसते. ‘गावकऱ्याने त्यांना चोर दरवाजापर्यंत नेले, पण ते पोचले नाहीत’ हे मात्र मराठीत विसंगत आहे. आणि ‘लीड’ व ‘गाइड’ यांना ‘पर्यंत’ या अर्थाचे शब्दयोगी जोडल्यास इंग्रजीतही तितकेच विसंगत ठरते. पहिल्या दोन क्रियापदांत पोचण्याची हमी नाही, दुसऱ्या दोन क्रियापदांत ती आहे.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. समजा, गुंजवण्याहून गडावर निघालेली एक तुकडी वाट चुकली. गुंजवण्याहून एक वाट पद्मावती माचीवरील चोर दरवाजाकडे चढते, तर दुसरी सुवेळा माचीच्या अंगाला असलेल्या गुंजवणे दरवाजाकडे जाते आणि ती अधिक बिकट आहे. तुकडीने पायथ्याशी एका गुराख्यास वाट विचारली होती. त्याने काठीने दाखविली आणि तो आपल्या गुरांमागे गेला. पुढे कोणी जखमी झाला, कागदपत्रे तयार झाली आणि त्यांतील ‘गुराख्याने वाट दाखविली’ हे वाक्य कोणी ‘गाइड’ या क्रियापदाने इंग्रजीत नेले, तर तो गुराखी एका शब्दात तुकडीचा वाटाड्या ठरतो. तो सोबत होता, वाट त्याला ठाऊक होती आणि तरीही तुकडी चुकली, असा अर्थ त्या कागदावर उमटतो. वस्तुतः त्याने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते, एवढेच. येथे ‘डायरेक्ट’ लिहिले असते तर गुराखी त्याच्या जागी, म्हणजे गुरांमागे, राहिला असता.

‘नेणे’ आणि ‘लीड’

‘लीड’ला मराठीत ‘नेणे’ हा पर्याय दिला जातो आणि बऱ्याच वेळा तो योग्यही असतो. दोन्ही क्रियापदे आपापल्या भाषेत प्राचीन आहेत. ‘नेता’, ‘नायक’ आणि ‘नाईक’ हे शब्द संस्कृत ‘नी’ धातूतून आले, तर ‘लीड’चे मूळ ‘जावयास लावणे’ अशा अर्थाच्या एका प्रयोजक रूपात आहे. परंतु या दोहोंत एक भेद आहे, तो मढे घाटाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

वेल्हे तालुक्यातील केळद गावाजवळून कोकणात उतरणारा हा घाट. १६७० मध्ये सिंहगडाच्या लढाईत पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे पार्थिव याच घाटाने उमरठ्यास नेले आणि त्यावरून घाटास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. येथे ‘नेले’ हे क्रियापद मराठीत पूर्णपणे नैसर्गिक आहे. मूल शाळेत नेतात, पोते बाजारात नेतात, पार्थिव गावी नेतात. नेली जाणारी वस्तू स्वतःच्या पायांनी चालते की नाही, याची मराठी ‘नेणे’ला पर्वा नाही. ‘लीड’ला ती आहे. ज्याला ‘लीड’ केले जाते तो चालणारा असावा लागतो. आंधळ्याचा हात धरून, घोड्याचा लगाम धरून, बैलाचा कासरा धरून नेणे हा ‘लीड’चा गाभा होय, कुत्र्याच्या गळ्यातील दोरीलाही इंग्रजीत ‘लीड’ हेच नाव आहे. पोते किंवा पार्थिव ‘लीड’ करता येत नाही, त्यासाठी ‘कॅरी’, ‘टेक’ किंवा ‘बेअर’ हवे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत सामान ‘लीड’ केले जाते ते ‘नेणे’च्या या व्यापकतेमुळे.

‘लीड’ करणारा पुढे असतो, ही दुसरी अट. तिसरी अशी की, त्याच्याकडे काही अधिकार किंवा पुढाकार असतो. मागून आणि बाजूने कळप सांभाळणाऱ्याची क्रिया ‘लीड’ नव्हे. त्यासाठी इंग्रजीने मेंढपाळाच्याच नावाचे ‘शेफर्ड’ हे क्रियापद केले आहे. वेल्ह्याच्या डोंगरातील धनगरवाड्यांवर वाढलेल्या विद्यार्थ्यास हा भेद सांगावा लागत नाही. ‘हाकणे’ मागून होते, ‘ओढणे’ पुढून होते, हे त्याने रोज पाहिलेले असते.

वाट स्वतः कर्ता झाली म्हणजे ‘लीड’च लागते. भुतोंड्याहून निघणारी वाट राजगडाच्या अळू दरवाजाकडे ‘लीड’ करते. ती ‘गाइड’ किंवा ‘डायरेक्ट’ करीत नाही. मराठीत वाट ‘जाते’. ती कोणाला नेत नाही, आपली आपण जाते. ‘ही वाट कोठे जाते?’ या प्रश्नातील वाटेचे हे स्वतंत्र चालणे इंग्रजीतही ‘गो’ने दाखविता येते, तथापि लिखित इंग्रजीचा कल ‘लीड’कडे आहे.

जाणता आणि अधिकारी

‘गाइड’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आला असला तरी त्याचे मूळ जर्मानिक आहे, आणि ते ‘पाहणे, जाणणे’ या अर्थाच्या ज्या आदिम धातूकडे नेले जाते, त्याच धातूशी आपल्या ‘विद्’चे आणि ‘वेद’चे नाते आहे. शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीने ठरत नाही हे खरे; पण येथे दोहोंचा मेळ बसतो. ‘गाइड’चे मर्म ज्ञान हे आहे. तो पुढे असेल, शेजारी असेल किंवा पुस्तकाच्या रूपाने खिशात असेल. ठरविणारा मात्र बहुधा दुसराच असतो.

पुण्याहून राजगड-तोरणा या जोडवाटेवर निघणाऱ्या गिर्यारोहकांच्या तुकड्यांत हा भेद जिवंत दिसतो. कोठे थांबावयाचे, केव्हा परत फिरावयाचे, मोजदाद कोणी ठेवावयाची, हे तुकडीचा ‘लीडर’ ठरवितो. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार कोठे सोडावयाची आणि पाणी कोठे मिळेल, हे सोबत घेतलेला गावातील ‘गाइड’ जाणतो. गाइड पुढे चालतो तरी तो लीडर नव्हे. लीडर मागे राहिला तरी त्याचे लीडरपण जात नाही.

पुढे चालणे आणि वरचढ असणे यांची ही फारकत मावळाच्या इतिहासात अधिक कठोर रूपात आढळते. गावी आलेल्या अधिकाऱ्यास किंवा वाटसरूस पुढील गावाच्या शिवेपर्यंत वाट दाखविणे, हे महार वतनदारांवर लादलेल्या अनेक कामांपैकी एक होते. येथे वाट दाखविणारा पुढे चालत असे, वाटेचे ज्ञान केवळ त्याच्याकडे असे, आणि तरीही त्या जोडीत सत्ता पूर्णतः मागून येणाऱ्याकडे असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे अशा अमर्याद व अत्यल्प मोबदल्याच्या कामांचा प्रश्न होता. ही वतने पुढे १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. एखाद्या आत्मकथनातील असा प्रसंग इंग्रजीत नेताना अनुवादकाने ‘लीड’ योजल्यास त्या क्रियापदातील अधिकाराची छटा पुढे चालणाऱ्यास नकळत चिकटते आणि प्रसंगातील विषमता फिकी पडते. ‘गाइड’ त्यापेक्षा बरे, पण त्यातही स्वेच्छा गृहीत आहे. अशा ठिकाणी एक क्रियापद पुरत नाही. ‘वाट दाखविण्यासाठी पुढे चालावे लागले’ असे फोड करूनच लिहावे लागते.

सोबत आणि संरक्षण

‘एस्कॉर्ट’मध्ये संरक्षण किंवा पहारा आहे, ज्ञान असेलच असे नाही. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातील बांदल मंडळी त्यांच्यासोबत होती. हिरडस मावळ म्हणजे आजच्या भोर तालुक्यातील मुलूख. त्या रात्रीचे वर्णन इंग्रजीत करताना तिन्ही क्रियापदे लागतात : आडवाटा जाणणारे ‘गाइड’ करतात, बांदल ‘एस्कॉर्ट’ करतात, आणि सर्वांचे ‘लीड’ करणारे महाराजच असतात, मग ते रांगेत कोठेही असोत. कैद्यालाही ‘एस्कॉर्ट’च केले जाते, तेथे संरक्षण कैद्याचे की इतरांचे, हा प्रश्न वेगळा.

उरलेल्या क्रियापदांचा विस्तार करण्याचे कारण नाही. ‘कंडक्ट’ औपचारिक आहे आणि आज ते वाटेपेक्षा परीक्षा, सभा व वाद्यवृंद यांच्यासाठीच अधिक वापरले जाते. ‘अशर’चे मूळ द्वारपालवाचक लॅटिन शब्दात आहे, त्यामुळे त्याला दार, दालन, आसन असे काही तरी लागते, डोंगरावर कोणी कोणाला ‘अशर’ करीत नाही. ‘स्टिअर’ सुकाणूचे आहे : गती दुसऱ्याची, वळण आपले.

मराठी काय मोजते

येथवरच्या विवेचनावरून इंग्रजी सूक्ष्म आणि मराठी ढोबळ, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यासाठी मराठीतील दुसरी मालिका पाहावी. वाट सांगणे, वाट दाखविणे, वाटेला लावणे, सोबत करणे, नेऊन सोडणे, पोचविणे, पोचवून येणे. या प्रत्येकात वाट दाखविणारा किती अंतर सोबत गेला, याचे माप आहे. ‘वाटेला लावणे’ म्हणजे योग्य वाट सुरू होईपर्यंत जाणे. ‘नेऊन सोडणे’ म्हणजे मुक्कामाशी नेऊन आपण परतणे. ‘पोचविणे’त सुखरूपपणाची काळजी आली. ‘पाहुण्यांना घालवायला जाणे’ हा जुना प्रयोग तर केवळ प्रेमाचे अंतर मोजतो. पाहुण्यास वाट ठाऊक असते, धोका काही नसतो, तरी यजमान वेशीपर्यंत किंवा एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जातो. ‘बोळवण करणे’ यात आणखी विधीचा आणि देण्याघेण्याचा भाग मिसळतो. इंग्रजीत यासाठी ‘सी ऑफ’ आहे खरे, पण वेस की थांबा हे ते सांगत नाही.

म्हणजे इंग्रजी क्रियापद दाखविणाऱ्याची जागा आणि पदवी सांगते, मराठी क्रियापद त्याने सोबत काटलेले अंतर सांगते. अनुवादात अडचण येते ती येथे.

दोन्ही भाषांत एकेका लहानशा शब्दावयवाने अर्थ उलटतो, हे मात्र सारखे. ‘पाहुण्याला वाटेला लावले’ आणि ‘पाहुण्याची वाट लावली’ यांतील अंतर मराठी मुलास सांगावे लागत नाही. इंग्रजीत ‘शो हिम टू द डोअर’ म्हणजे आदराने दारापर्यंत सोडणे, आणि ‘टू’ गाळून ‘शो हिम द डोअर’ म्हणजे हाकलून देणे. वर्गात हे दोन नमुने शेजारी ठेवले तर ‘टू’चे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज सहसा पडत नाही.

चुकीची वाट दाखविण्याचेही असेच प्रकार पडतात. ‘मिसडायरेक्ट’ केलेले पत्र चुकीच्या पत्त्यावर जाते. ‘मिसलीड’ झालेल्या मनुष्याची समजूत चुकीची होते. ‘मिसगाइडेड’ हे बहुधा हेतू चांगला पण विचार चुकलेला अशा कृतीचे विशेषण असते. मराठी ‘दिशाभूल करणे’ हे ‘मिसलीड’च्या जवळचे आहे. रानात लागणाऱ्या ‘चकव्या’ला मात्र इंग्रजीत जागा सापडत नाही, कारण तेथे भुलविणारा कोणी दिसतच नाही; मनुष्य फिरून त्याच झाडापाशी येतो आणि म्हणतो, चकवा लागला.

अहवालातील ‘मार्गदर्शन’

महाविद्यालयीन व्यवहारात सर्वाधिक गोंधळ ‘मार्गदर्शन’ या शब्दाने होतो. ‘प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाच्या वृत्तांतात असते, आणि इंग्रजी अहवालात ते हमखास ‘गाइडेड द स्टुडंट्स’ होऊन येते. पाहुणे पाऊण तास बोलले आणि निघाले. त्यांनी भाषण केले, सल्ला दिला. इंग्रजी ‘गाइड’ला जे सातत्य, जी सोबत अपेक्षित आहे, ती तेथे नव्हती. परदेशी वाचकास त्या वाक्यावरून पाहुण्यांनी मुलांना कोठे तरी फिरवून आणले, असेही वाटू शकेल. येथे ‘अड्रेस्ड’ किंवा ‘स्पोक टू’ पुरेसे आहे. उलट संशोधनाच्या ‘गाइड’मध्ये ती सोबत खरोखर असते, किंवा असावी, ब्रिटिश विद्यापीठांत त्यास ‘सुपरवायझर’ म्हणतात. सोबतीऐवजी देखरेखीवर भर देणारा तो शब्द अधिक प्रामाणिक आहे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. ‘डायरेक्टर’साठी मराठीने कार्यालयात ‘संचालक’ आणि चित्रपटात ‘दिग्दर्शक’ असे दोन शब्द केले. त्यांतील ‘दिशा दाखविणारा’ हा मूळ अर्थ चित्रपटवाल्यांकडे राहिला, ही गंमतच म्हणावयाची.

फलकाची भाषा

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश झाला आणि त्यांत राजगड आहे. मराठी न जाणणारे अभ्यासक आणि प्रवासी पाली, वाजेघर व गुंजवण्याच्या वाटांवर येतील, तेव्हा त्यांच्याशी बोलावयाचे काम याच दोन तालुक्यांतील तरुणांवर येणार आहे. त्यांतील बरेच जण आज या परिसरातील महाविद्यालयांच्या वर्गांत बसलेले आहेत. ‘आय विल डायरेक्ट यू’ असे म्हणून जो विद्यार्थी पाहुण्यासोबत चालू लागेल, त्याचे इंग्रजी चुकेल, पण काम होईल. ‘आय विल लीड यू टू द बालेकिल्ला’ असे म्हणून जो पायथ्याशीच थांबेल, त्याचा पाहुणा मात्र बराच वेळ त्याची वाट पाहत राहील. इंग्रजी शिकविणाऱ्याने हे दोन प्रसंग वर्गाबाहेर, व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावेत : एकाने जागी उभे राहून सांगावे, दुसऱ्याने हात धरून न्यावे, तिसऱ्याने शेजारून चालत वळणे सांगावीत, चौथ्याने दारापर्यंत सोडावे. नंतर क्रियापदे फळ्यावर लिहावीत.